मळ्यातून मळ्यात

मोज्यांच्या कारखान्यात माझ्या मामांना तोंडावर सगळे 'मास्तर' म्हणत आणि पाठीमागे 'हंगामी'. नोकरी तशी पक्की होती, आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी ठेवलेले कँटीनचे आचारी होते ते. पण कुणी वाढायच्या खिडकीशी जाऊन "मास्तर, आज टोमॅटो नाही?" असं विचारलं की मामा झारा हातात घेऊन बाहेर यायचे. टोमॅटो कधी येतो, का येतो, आणि आत्ता बाजारात जो लाल दिसतो तो टोमॅटो का नव्हेच, हे सगळं ते इतकं सविस्तर सांगायचे की विचारणाऱ्याची जेवणाची सुट्टी तिथंच संपायची. एकदा विचारलेला माणूस पुन्हा विचारत नसे. नाव पडलं ते त्यावरून.

मी मामांकडेच वाढले आणि अजून त्यांच्याकडेच राहते. चिडले की माझं तोंड आवरत नाही, आणि हा गुण मी मामांकडून उचलला असं मामी म्हणते. म्हणू दे. या गोष्टीत चिडण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी ती शांतपणे सांगणार नाही.

मामांचं हे वेड जन्मजात नव्हतं. आधी कँटीनला ठेकेदाराची भाजी यायची. बाराही महिने तीच, खोक्यांत भरलेली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली. मामा मुकाट्यानं शिजवायचे, लोक मुकाट्यानं खायचे. मग एकदा शहराबाहेरच्या रस्त्यावर मामांची सायकल पंक्चर झाली. ती ढकलत ते एका मळ्याच्या फाटकाशी थांबले, तर मळेवाल्यांनी त्यांना पाणी दिलं आणि वेलावरून तोडून एक काकडी दिली. त्या एका काकडीबद्दल मामा नंतर किती बोलले म्हणून सांगू! मामी शेवटी म्हणाली, "माझ्याबद्दल कधी एवढं बोललात का?"

मामा मालकांकडे गेले. म्हणाले, भाजी जवळच्या मळ्यातनं आणू या, ज्या दिवसांत जे पिकेल ते खाऊ या. मालकांना खर्चात फारसा फरक दिसला नाही, म्हणून त्यांनी मान डोलावली, पण एक अट घातली. "अन्न वाया गेलेलं मला दिसता कामा नये, मास्तर. दिसलं की ठेकेदाराची खोकी परत. मला मोजे विकायचेत, तत्त्वं नाही."

झालं. मळेवाल्यांचा टेंपो सकाळी कँटीनच्या मागच्या दाराशी लागायला लागला. भाजी उतरवायची आणि आदल्या दिवशीची सालं, देठं, पाला परत टेंपोत भरायचा. ते मळ्यात खताच्या खड्ड्यात जायचं. ही कल्पना मामांचीच, आणि तिचा त्यांना कोण अभिमान! मामी त्याच कँटीनमध्ये भांड्यांवर होती, त्यामुळे मागचं दार, बादल्या आणि टेंपो हे सगळं तिच्या ताब्यात. जेवणं झाली की मामा हात पुसत मागे जायचे आणि उष्ट्याची बादली बघायचे. ती रिकामी असली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की जणू त्यांचंच पोट भरलं. स्वतः ते त्यानंतर जेवायचे. लोकांनी "वा मास्तर, झकास!" म्हटलेलं त्यांना आवडायचं, पण भरवसा बादलीवर. "तोंडाला काय, तोंड काहीही बोलतं," असं ते म्हणायचे.

काकडीच्या दिवसांत, वाटाण्याच्या दिवसांत, कोवळ्या पालकाच्या दिवसांत खरंच कुणाची तक्रार नव्हती. माझीसुद्धा नव्हती. मामा डब्यातून घरी आणायचे ती भाजी मी पुसून खायची. अडचण यायची ती दोन हंगामांच्या सांध्यावर. थंडीतलं संपलेलं असतं आणि उन्हाळ्यातलं, आमच्या थंड मुलखात वाटाणाही त्यातच, अजून फुलावर असतं. मळ्यात तेव्हा उरतं काय? साठवलेला भोपळा, शलगम आणि जून झालेला कोबी. मामांना या दिवसांत जास्तच चेव चढायचा. भोपळ्याचं सूप, भाजलेला भोपळा, शलगम घालून कोबी, कोबी घालून शलगम, आणि लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून पुन्हा भोपळा. "जमीन आत्ता हेच देते. आईनं वाढलेल्या ताटाला नावं ठेवायची नसतात," असं ते म्हणायचे.

मी ठेवायची.

"मामा, हे शलगम मला नाही जात. ओला खडू खाल्ल्यासारखं लागतंय."

"तुला काय कळतं? तिकडे सगळा कारखाना ताटं पुसून खातो. बादली कोरडी ठणठणीत! आणि तू एकटी शहाणी!"

"कारखान्याची जीभ मोजे विणून विणून लोकरीची झाली असेल."

मग आमची जुंपायची. मामी नेमकी त्या वेळी पाणी आणायला उठायची. आमच्या भांडणाला ती कंटाळली असेल असं मला वाटायचं. दर वर्षी सांध्याचे दिवस आले की मी एकटी खोटी पडायची, आणि खोटं पडण्याइतका राग मला कशाचाच येत नाही.

या वर्षी त्याच दिवसांत एकदा कारखान्याची वीज गेली आणि दुपारीच सुट्टी झाली. मामी भांडी आवरायला मागे राहिली. मामा घरी आले ते उत्साहातच. "चल, वाटाणा फुलावर आला असेल, तुला दाखवतो. नुसतं खाऊन नावं ठेवतेस, एकदा फूल तरी बघ." माझीही सुट्टी होती. मळेवाल्यांची आई नुकतीच मळ्यावर राहायला आलीय असं कळलं होतं, म्हणून मामांनी तिच्यासाठी मोज्यांचा एक जोड घेतला आणि आम्ही बसनं निघालो.

मळेवाले कुठं बाहेर गेले होते. त्यांची आई पायरीवर कांदे निवडत बसली होती. मामा इतकी वर्षं मळ्यात येत-जात होते, पण म्हातारी आजवर थोरल्या मुलाकडे असायची, तिची गाठ कधी पडली नव्हती. मामांनी मोजे पुढं केले आणि सांगितलं, "मी कारखान्याच्या कँटीनमधून आलोय."

म्हातारीनं मोजे उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "टेंपो बिघडला का? मग बादल्या कशा आणल्यात, बसनं?"

"कसल्या बादल्या?"

"कँटीनच्या हो! मागं न्या आणि खड्ड्यात ओता. वर पालापाचोळा टाका बरं का, नाहीतर कावळे उचकतात आणि सगळीकडे पसरवतात."

मामा हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "सालं म्हणतायत त्या. चल, खड्डाच दाखवतो तुला आधी. काडीसुद्धा वाया जात नाही आपल्याकडे." आणि घराच्या मागे ते माझ्यापुढं असे चालत गेले की जणू स्वतःचं घर दाखवायला नेतायत.

खड्ड्यात सालं होती. पण सालं एका बाजूला होती. मधोमध, पाल्याच्या पातळ थराखाली, शिजलेला भोपळा होता. थोडाथोडका नाही, एखाद्या लग्नाची पंगत उठावी एवढा. फोडी अजून केशरी होत्या, तिरक्या कापलेल्या, प्रत्येक फोडीला सालीची एकच कड राखलेली. तसा भोपळा फक्त माझे मामा कापतात. कड राखली की फोड शिजताना फुटत नाही, हे त्यांनी मला लहानपणी विळीशी बसवून शिकवलं होतं.

मामा वाकले. एक फोड त्यांनी उचलली आणि बोटांत धरून बघितली.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

मामांनी बाजूची काठी घेतली आणि ढीग उकरला. भोपळ्याखाली कोबी निघाला, त्याखाली शलगमाचे चौकोनी तुकडे, त्याखाली काळवंडलेला पुन्हा भोपळा. "हा कालचा," मामा पुटपुटले. "हा परवाचा. हे शलगम... याला मी आलं घातलं होतं. मुकादम म्हणाला, मास्तर, हात चाटून खाल्लं." ते उकरत राहिले. मी त्यांच्या दंडाला धरलं तेव्हा थांबले.

तेवढ्यात मळेवाले आले. सायकल टाकून ते तसेच धावत मागे आले, म्हातारीनं सांगितलं असणार. मामांच्या हातातली काठी बघून ते जागच्या जागी उभे राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?" मामांनी विचारलं.

"मास्तर, बसा तरी आधी."

"माहीत होतं का, तेवढं सांगा."

"वहिनी म्हणाल्या, तुम्हाला लागेल. दोन-चार आठवड्यांचा तर प्रश्न असतो. पुढं वाटाणा येतोच, मग काय उरत नाही. आणि मालकांना दिसलं असतं तर तुमचं सगळंच बंद पडलं असतं. माझंही."

"दर वर्षी?"

मळेवाल्यांनी मान डोलावली.

"छान," मामा म्हणाले. "म्हणजे तुमची भाजी तुमच्याच मळ्यानं खाल्ली. आम्ही आपले मधले हमाल. शिजवायचं तेवढं फुकट!" आणि ते हसले. "म्हणतात ना, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. या उकिरड्याचे फिटले. आलं घालून शलगम खातोय!"

ते हसणं मला अजून आठवतं. वाटाण्याची फुलं आम्ही बघितली नाहीत.

बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले आणि मी आतल्या आत धुमसत होते. सगळ्यात जास्त राग मला मामीचा आला होता. कारखान्यातली माणसं परकी, मळेवाले व्यवहारातले. पण ती? आणि माझा राग थोडा स्वार्थीही होता, कशाला लपवू? इतकी वर्षं मी खरं बोलत होते, आणि इतकी वर्षं ती मला खोटी पडू देत होती. माझ्यासमोर बसून, पाणी आणायला उठून.

घरी मामी आली होती. मामांनी चपला काढल्या, आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मी खड्डा बघून आलो."

मामीनं हातातला कपडा खाली ठेवला. 'कसला खड्डा' असं तिनं विचारलं नाही. तेवढं तरी बरं केलं.

"काय करायला हवं होतं मी?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी बादली भरलेली दिसली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, आठवतंय? वर मालकांची ती अट. मी मुकादमांना म्हटलं, सांभाळून घ्या. ते म्हणाले, वहिनी, मास्तर आपला माणूस आहे, आम्ही बघतो. लोक डबे आणायला लागले. सूत ठेवायच्या खोलीत बसून खातात. तुमच्याकडून ताटही वाढून घेतात, तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आणि मागच्या दारानं मला आणून देतात."

"सूत ठेवायच्या खोलीत," मामा म्हणाले. "सगळे?"

"बहुतेक."

"मला सांगायचंस. म्हणायचंस, अहो, भोपळा नको झालाय लोकांना. मी दुसरं काही केलं असतं."

"दुसरं काय होतं मळ्यात?"

खरंच दुसरं काही नव्हतं.

"मग सांगायचंस, की जमत नाहीये. थोडे दिवस बाजारातनं आणू. मी ऐकलं असतं."

"तुम्ही?" मामी एकदम तडकली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही सांगत नव्हती? दर वर्षी कंठशोष करत होती पोरगी. ऐकलंत तिचं?"

"तिचं ऐकायला तू जागा ठेवलीस का?" मामांचा आवाज चढला. त्या सबंध दिवसात चढला तो तेवढाच. "तिच्या एका तोंडासमोर तू मला रोज रिकामी बादली दाखवत होतीस! मी कुणाचं ऐकायचं?"

मामी रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले नाही. मामाही गेले नाहीत. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि तू? तू काय जेवायचीस तिथं?"

मामीनं डोळे पुसले. "मुकादमांची बायको माझ्यापुरतंही देते डब्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे कामावर गेले. काय झालं ते मला मामीनंच सांगितलं, कारण त्या दिवसांत मामांकडून काही कळायची सोय नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मामा थेट सूत ठेवायच्या खोलीत गेले. डबे उघडे होते. कुणी झाकण लावायची धडपड केली, कुणी उठून उभं राहिलं. मुकादम म्हणाला, "मास्तर, गैरसमज करून घेऊ नका. तुमच्या मनासाठी केलं हो."

"माझ्या मनाला विचारलं होतंत?" मामा म्हणाले. मग म्हणाले, "इथं सुताच्या धुळीत कशाला बसता? उद्यापासून कँटीनमध्ये टेबलावर बसून खा." आणि परत येऊन त्यांनी भोपळ्याखालचा गॅस बंद केला.

मालकांनाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. ठेकेदाराची खोकी आली तर येऊ देत, अशा तयारीनं गेले होते. मालक म्हणाले, "मला कधीचं माहीत आहे, मास्तर. मला दिसत नव्हतं ना, मग झालं." म्हणजे मालकांनासुद्धा! कारखान्याच्या फाटकावरच्या कुत्र्याला माहीत नव्हतं एवढंच राहिलं, आणि मला तर त्याचीही खात्री नाही. आता सांध्याच्या दिवसांत बाजारातून थोडं आणायचं, एरवी मळ्यातलं, असं ठरलं. साधी सरळ तोड. पहिल्याच वर्षी कुणी एकानं तोंड उघडलं असतं तर पहिल्याच वर्षी निघाली असती.

मग वाटाणा आला. कोवळा, गोड, दाणे शेंगेत मावेनात असा. मामांनी तो नुसत्या लोण्यावर परतला. लोक तुटून पडले, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला रांग लागली. डबे कुणी आणलेच नव्हते. मुकादम खिडकीशी येऊन म्हणाला, "मास्तर, देवाशपथ सांगतो, असा वाटाणा जन्मात खाल्ला नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे, आणि मला वाटतं ते खरं होतं.

"बरं," मामा म्हणाले आणि पुढच्याचं ताट घेतलं.

माझ्यासाठी त्यांनी तो वाटाणा डब्यातून आणला. मी खाल्ला, आणि खरं तेच सांगितलं, की मामा, अप्रतिम झालाय. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, त्यांच्या घरात तशी मी एकटीच होते. तरी ते एक क्षण तसे बघत राहिले आणि मग मान हलवून कपडे बदलायला गेले. त्या एका क्षणासाठी मी कारखान्यातल्या कुणालाच माफ केलेलं नाही.

आता घरचं सांगते. घरी रांधते मामी, आणि तिच्या रांधण्याला मामांएवढी नावं कुणी ठेवली नसतील. आचाऱ्याची जीभ ती! डाळ जरा करपली, तेल कडकडीत तापायच्या आत कांदा पडला, मीठ चिमूटभर जास्त झालं की पहिल्याच घासाला ते चमचा खाली ठेवायचे. "अगं, हे काय केलंस?" मग मामी फणकारायची, "या की चुलीशी, करा तुम्ही." वर्षानुवर्षं ही कटकट ऐकत मी जेवले आहे. ती बंद झालीय हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. मामी वाढायची, मामा खायचे, मामी विचारायची, मामा म्हणायचे, "चांगलं झालंय." भात कच्चा, तरी चांगला. डाळ करपलेली, तरी चांगली. आवाजात राग नाही, टोमणा नाही. पाहुणा बोलावा तसं.

एका सुट्टीच्या दिवशी मामीनं पालक केला आणि त्यात मीठ घातलं नाही. विसरली नव्हती. मी शेजारीच उभी होते. मी मिठाचा डबा पुढं सरकवला तर तिनं तो झाकण लावून मागे ठेवला. "तू मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली.

आम्ही तिघं जेवायला बसलो. मी एक घास घेतला, तो गिळता गिळेना. मामी जेवतच नव्हती, मामांच्या तोंडाकडे बघत होती. मामांनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"कसा झालाय?" मामीनं विचारलं.

"चांगला झालाय," मामा म्हणाले आणि ताट पुढं केलं. "वाढ अजून थोडा."

मामीनं वाढला. "अहो, नीट सांगा ना. काही कमी वाटतंय का?"

"नाही गं. चांगला आहे."

"त्यात मीठ नाहीये!" मामी ओरडली. "मी मीठच घातलं नाही त्यात! तुम्हाला कळत नाहीये का? काहीतरी बोला ना मला!"

मामांनी तोंडातला घास नीट चावून गिळला. पाणी प्यायले.

"असं होय?" ते म्हणाले. "माझ्या काही लक्षात आलं नाही."

आणि ताटातला राहिलेला पालक त्यांनी शेवटच्या पानापर्यंत संपवला.